होडी पत्र्याची की लाकडाची

८ जून, रविवार
गोरखची होडी फुटली. गावात तेवढी एकच. सकाळी तो स्वतःच सांगायला आला. धरणाचं पाणी खाली गेलंय, बुडालेल्या जुन्या बाभळींचे बुंधे वर आलेत, त्यातल्या एकावर चढली. गोरख पोहत काठाला आला, होडी दोराने ओढून आणली. बुडाला माणसाचं डोकं आरपार जाईल एवढं भोक.
जीव वाचला हे काय कमी, असं त्याला म्हटलं खरं. मनात दुसरंच चाललं होतं. गेल्या पावसाळ्यात याच होडीतून बायकोला, सु.ला, दर मंगळवारी-शुक्रवारी शेवगावला डायलिसिसला नेलं. आता फरशी पूल कोरडा आहे, मोटारसायकल जाते. पण नाशिककडे पाऊस लागला की आमच्याकडे टिपूस नसला तरी धरणाचं मागचं पाणी, फुगवटा, चढतो, पूल पाण्याखाली जातो, मग दिवाळीपर्यंत होडीशिवाय गत्यंतर नाही. पलीकडे डांबरी आहे, शेवगाव जवळ. अलीकडून वळसा घालायचा तर काळ्या रानातली वाट. पावसात तिथं बैल रुततो, जीपचं काय घेऊन बसलात.
सु.ला सांगितलं. भाकरी थापत होती. "मंग?" एवढंच म्हणाली.
मग काय ते मलाच माहीत नाही.

९ जून
होडी मीच करणार. आयुष्यभर उसाच्या ट्रॉल्या जोडल्या, एक होडी जोडता येणार नाही? पत्रा, अँगल, वेल्डिंग. जेवताना नानांना सांगितलं. म्हातारा घास हातात धरून हसला. "उद्या ट्रॉलीला वल्हं लावशील आन् म्हनशील झाली होडी. आरं, होडी लाकडाची आसती."
वडलांनी, नानांनी, जन्मभर बैलगाड्या केल्या. गाड्या संपल्या तशी सुताराची हत्यारं, वाकस-पटाशी, माळ्यावर गेली आणि ते ओट्यावर. त्यांना कोणी विचारत नाही याचा राग ते माझ्या पत्र्यावर काढतात. काढू देत.
शेवगावला खोली घेऊन तिकडंच राहू, असंही सु.ला म्हणून बघितलं. नको म्हणाली. गेल्या वर्षी महिनाभर राहिलो होतो तर ती बोलायचीच बंद झाली होती. दिवसभर खिडकीत. परत तिथं नेण्याची माझीही छाती होत नाही.

१२ जून
गोरखची होडी उलटी करून बघितली. नाना आणि मी. आत प्लाय, वरून काचेची जाळी आणि फायबरचा लेप. बाहेरून अजून नवरीसारखी चकचकीत. भोकाच्या कडेला बोट घातलं तर आतलं लाकूड काळं पडलेलं, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं हातात आलं. म्हणजे बुंधा नसता तरी हे होणारच होतं. गेल्या वर्षी सु. याच्यावर बसली होती, पदर आवळून.
मी नानांना म्हटलं, बघा तुमचं लाकूड. पत्रा असता तर पोचा पडला असता, भोक नाही. आणि गंज दिसतो तरी, हे आतल्या आत मरतं.
"लाकडाचा काय दोष? करनाराला जमलं न्हाई."
हे एक त्यांचं बरं आहे.

१७ जून, मंगळ.
डाय. झालं. चार तास मी नेहमीसारखा बाहेर. चहाच्या टपरीवर पैठणकडचा एक मासेवाला भेटला, त्याच्याकडे पत्र्याच्याच होड्या. तारीफ करत होता: उन्हात टाका, दगडावर घासा, काही होत नाही. कुठं गळाली तर कोणीही वेल्डिंगचा टाका मारून देतो. मी खुशीत. मग सहज म्हणाला, "फक्त भरू द्यायची न्हाई. लाट आली, आत पानी भरलं, की खाली बसती. दगडावानी. आमचे दोघं तसेच गेले." आणि चहाचा ग्लास खाली ठेवून निघून गेला.
येताना सु. मागे बसलेली, सुई काढलेला डावा हात पोटाशी धरून. त्या हाताने ती काही धरू शकत नाही. पोहता येत नाहीच.

१८ जून
वर्कशॉपच्या टाकीत लोखंडी घमेलं सोडलं. तरंगलं. कडेने थोडं पाणी आत घेतलं, गेलं तळाला. मग नानांचा बसायचा पाट सोडला, त्यावर पाणी ओतत राहिलो. बुडायचं नावच घेईना.
सु. दारातून बघत होती. "यवढं बुडवून बघाया लागतं व्हय? पोरालाबी कळतं." खूप दिवसांनी हसली. मलाही हसू आलं, पण पाट काही टाकीतून काढवेना.
भरलीच होडी, तर तिला एका हाताने धरायला काहीतरी पाण्यावर राहिलं पाहिजे. बाकी सगळं पत्र्याच्या बाजूने आहे. टिकाऊ, दुरुस्ती सोपी, मला येतं. पण हे एक लाकडाच्या बाजूने आहे आणि मला दुसरं काही सुचत नाही.
संध्याकाळी नानांना सांगितलं, तुमचं खरं. लाकडाची करू, वरून फायबर. पण लेप मी देणार, नीट.
म्हातारा हत्यारं काढायला उठला. शिडी लावून माळ्यावर चढला. या वयात.

२५ जून
नगरहून प्लाय आला, फायबरचं सामान आलं. पोहायचं जॅकेटही आणलं. सु.ने घरातच घालून बघितलं, नारिंगी, गळ्यापर्यंत. "आता मला कुनी बुडवू शकत न्हाई," म्हणाली आणि तसंच घालून चुलीपुढं बसली. नाना हसून हसून खोकले.
आतल्या फासळ्या बाभळीच्या. ओंडके नानांनी वर्षापूर्वीच विहिरीत टाकून ठेवले होते, गाडीचं लाकूड करतात तसे. मी म्हटलं होतं, आता कोण गाडी करतंय नाना. गेल्या महिन्यात त्यांनीच बाहेर काढून कापले, पत्र्याखाली वाळलेत, चालतील.
नानांच्या हाताला वाकस काय बसतो. बघत राहावं. मी त्यांना इतकी वर्षं ओट्यावर बसवून ठेवलं.

१ जुलै, मंगळ.
सांगाडा उभा. सु.चं डाय. ठीक, येताना उलटी.
नाना तिला बोलावून म्हणतात, "पोरी, इथं बस, माप घेतो." तिला बसवून, फळी तिच्या पाठीला लावून कापली. टेकून बसता यावं म्हणून. मला हे सुचलं नसतं.
नाशिकला पाऊस लागलाय म्हणतात.

४ जुलै, शुक्र.
संध्याकाळी शेवगावहून आलो तर होडी पालथी, प्लाय ठोकून पूर्ण, सांधे असे मिटलेले की कागद जाणार नाही. हात फिरवला. थंडगार. कौतुक केलं. नाना नुसते मान हलवत होते, डोळे भरलेले. रविवारपर्यंत ऊन आहे, उद्याच लेप देतो.

५ जुलै
दिवसभर लेप. वास फार, सु.ला शेजारी पाठवलं. जाळी, राळ, परत जाळी. हाताला खाज. झाली एकदाची. सुंदर दिसते. माझ्या हातून असं काही आजवर झालं नव्हतं, ट्रॉलीला कोण सुंदर म्हणतं.

९ जुलै, बुध.
फोड आलेत.
सकाळी बघितलं, बुडाला एक, मग दुसरा, मग हात फिरवत गेलो तर जागोजागी. चपाती फुगते तसे. नाण्याने ठोकून बघितलं, निम्मं बूड पोकळ वाजतंय. एक फोड ग्राइंडरने उघडला. आतून पाणी आलं. पाणी! बाहेरचं कुठून येणार, होडी अजून पाण्यात गेलीच नाही.
नानांना हाक मारली. त्यांनी बघितलं आणि अगदी सहज म्हणाले, "पानी पाजलं हुतं की. तीन रात्री तू निजल्यावर वली पोती घातली. म्हनून तर सांदं मिटलं."
गाडीचं चाक करायची रीत. लाकूड पाणी पितं, फुगतं, सांधा मिटतो. नुसत्या लाकडाच्या होडीलाही चालतं. पण ओल्या लाकडाला राळ धरत नाही आणि वरून लेप दिला की आतलं पाणी कायमचं आत. रोज सकाळी पोती काढून ते ऊन द्यायचे, म्हणून वरून कोरडी दिसली. त्या दिवशी थंडगार लागली तेव्हा कळायला हवं होतं मला. मी कौतुक करत बसलो.

१० जुलै
नको ते बोललो. लिहायचं नव्हतं पण बोललो ते बोललो. "तुमच्या रितीपायी ती मरणार" असं म्हणालो. सु.च्या समोर. नानांनी पटाशी खाली ठेवली आणि ओट्यावर जाऊन बसले. जेवले नाहीत.
सु. माझ्यावर चिडली. "मामांनी माज्यासाठी केलं ना? मरायचं मला हाय, तुमी का भांडताय?"


१२ जुलै
लेप सोलून लाकूड वाळवायचं म्हटलं तर महिनाभर कडक ऊन लागेल. आभाळ भरलंय. सूर्य दिसत नाही.
पत्राच करतोय. ट्रॉलीसाठी आणलेला होता तोच. भरली तर बुडणार हे माहीत असून करतोय. आत प्लास्टिकचे बंद पिंप बसवायचे, पत्रा बुडायला लागला तर पिंपांनी वर धरावं. धरतील का? हिशेब मांडला तर धरतात. हिशेबात वारा येत नाही आणि सु. येत नाही.

१५ जुलै, मंगळ.
फरशी पुलाच्या कडेला पाणी लागलंय. आमच्याकडे अजून पाऊस नाही. पाणी सगळं वरचं. सु. येताना थांबवून पाण्याकडे बघत राहिली. तिला दिवसाला छोट्या वाटीने पाणी मोजून, आणि समोर हे एवढं. म्हणाली, "लई छान दिसतंय." मी गाडी चालू केली.

१८ जुलै, शुक्र.
पुलावर पाणी. मोटारसायकलच्या पायदानाला लागत होतं. गेलो तसेच. येताना वाढलेलं. सु. डोळे मिटून मला धरून बसली होती. आता हा पूल संपला.
पत्र्याने वैताग दिलाय. ट्रॉलीला आपण चार बोटं टाका मारतो, चार बोटं मोकळं सोडतो. चालतं, उसाला कुठं पाणी धरायचंय. इथं सलग मारावं लागतं. सलग मारलं की उष्णतेने पत्रा ओढला जातो. बूड पापडासारखं वेडंवाकडं झालंय. ठोकून सरळ केलं, तर टाके उकलले. परत मारले.
गोरख थर्माकोलचा तराफा करून जाळी टाकतोय. म्हणाला, "वैनीला यावर नेऊ का?" वेडा आहे. त्याचेच गुडघे पाण्यात असतात.

२२ जुलै, मंगळ.
पूल दिसतही नाही. जीप सांगितली, वळशाच्या वाटेने निघालो. ओढ्याच्या अलीकडे चाकं रुतली ती रुतलीच. दुपारपर्यंत दगड घातले, बाभळीच्या फांद्या घातल्या. सु. जीपमध्ये बसून. शेवटी ट्रॅक्टरने मागे ओढलं. मागे. घरी.
डाय. चुकलं.
सिस्टरला फोन केला. पाणी अगदी कमी द्या, फळं देऊ नका, शुक्रवारी काही झालं तरी आणा, दम लागला तर लगेच. लगेच कसं आणू, सांगा बाई. पण त्या तरी काय सांगणार. सरकारी बोटीसाठी फोन केला, ती वरच्या अंगाला वेढ्यात अडकलेली माणसं काढायला गेलीय. खरंच आहे, त्यांच्या घरात पाणी आहे.

२३ जुलै
सु.चे पाय सुजलेत. चेहराही. आडवं पडलं की दम लागतो, भिंतीला टेकून बसते. काही बोलत नाही. बोलली तर बरं वाटेल, शिव्या दिल्या तरी.
टाके तपासायचे आहेत. बाहेरून खडू फासायचा, आतून डिझेल. भोक असेल तर खडूवर डाग उमटतो. एकट्याने होईना. पाठीमागे बघितलं तर नाना चुना कालवून उभे. पांढऱ्या चुन्याचा हात देत बुडाभोवती फिरले. मग दोघं बसून वाट बघत राहिलो. एक डाग. आणखी एक. नाना बोट दाखवायचे, मी टाका मारायचो.
दोन आठवड्यांनी आमचं एकत्र पहिलं काम. बोलणं अजून नाही.

२४ जुलै, गुरु.
दोन्ही होड्या पाण्यात टाकल्या. दोन्ही का? कारण एकीवरही भरवसा नाही.
नानांनी फोड सगळे पटाशीने सोलून काढलेत, उघड्या लाकडावर डांबर ओतलंय. कधी केलं कळलंच नाही, मी पत्र्यात होतो. दिसते महारोग्यासारखी. पण पाण्यात बसली हलकी, छान. गोरख आणि मी बसलो, मधोमध गेलो. उतरलो तेव्हा डांबराची एक कड सुटलेली, खालचं लाकूड दाबलं तर बोट रुतत होतं. किती टिकेल? एक फेरी? दहा? आतलं दिसत नाही, तेच तर.
माझी पत्र्याची जड, खोल बसते. काठ पाण्याच्या फार जवळ. वारा आला तर लाट सरळ आत. शिवाय कुठून तरी पाझरतेय, थेंब थेंब, शोधून सापडत नाही. पिंप बांधलेत. गोरख म्हणाला, "पालथी घालून बघू का, पिंपं धरत्यात का?" बघू म्हटलं तर अंधार पडला होता आणि सु.ने हाक मारली.
हाक नव्हती, खोकत होती.

२५ जुलै, शुक्र.
काठावर बसून लिहितोय. वहीशिवाय हात कुठं ठेवावेत कळत नाही. पहाटे निघायचं होतं पण वारा आहे. फुगवट्यावर पांढऱ्या लाटा. गोरख म्हणतो उजाडल्यावर वारा थोडा वेळ पडतो, तेवढ्यात पार व्हायचं. पलीकडे त्याचा भाऊ गाडी घेऊन उभा आहे, दिवा दिसतोय. इतकं जवळ आहे ते. ओरडलं तर ऐकू जाईल.
सु. रात्रभर बसून. मी तिला खांद्याला टेकवून होतो. एकदा म्हणाली, "तुमी दोघांनी दोन होड्या केल्या, लोकाला एक मिळत न्हाई." मला रडू आलं. तिने बघितलं, पाठीवर हात ठेवला. देवा, हिला काही होऊ देऊ नकोस. एवढंच. मला दुसरं काही मागायचं नाही.
मी ठरवलंय. लाकडाचीत न्यायचं. नानांची. पत्रा मीच केलाय, त्याचा एकेक टाका मला माहीत आहे, म्हणूनच तिला त्यात बसवायची हिंमत होत नाही. नाना खूश होतील. होऊ देत, म्हाताऱ्याला इतकं बोललो.
आत्ता नाना येऊन शेजारी बसले. दहा तारखेनंतर पहिल्यांदा तोंड उघडलं. "दत्ता, माज्या होडीत पोरीला बसवू नगं. लाकूड नासलंय. मला ठावं हाय. तुज्या पत्र्यात बसव."
मी म्हटलं, नाना, मी तुमचीत न्यायचं ठरवलंय. माझी भरली तर बुडेल.
"आन् माजी उकलंल."
 महिनाभर भांडलो तेव्हा प्रत्येकाला स्वतःचीच खरी वाटत होती. आता दोघांनाही आपापल्या हाताची भीती वाटतेय. गोरख वल्हं घेऊन उभा, एकदा इकडे बघतो, एकदा तिकडे. त्याला तरी काय विचारायचं, त्याचीच फुटली.
लाटा कमी झाल्या. खरंच पडतोय वारा.
सु. येतेय, शेजारणीने धरलंय. जॅकेट घातलंय. चार पावलं की थांबते, श्वास घेते, परत चार पावलं. दोन्ही होड्या तिने आता पहिल्यांदाच शेजारी शेजारी पाण्यात बघितल्या.
"कंच्यात बसू?" विचारतेय.
नाना माझ्याकडे बघतायत.